संयुक्त खाते आणि संरक्षण आदेश : माझा अनुभव

मार्चमधल्या एका रात्री मुलीला घेऊन मी सांगलीला माहेरी आले, तेव्हा पर्समध्ये आधार कार्ड, तिची औषधे आणि बाराशे रुपये होते. बँकेचा विचार त्या वेळी मनातही आला नाही. माझा पगार लग्नापासून आमच्या दोघांच्या संयुक्त खात्यात जमा होत असे. खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचे, म्हणजे कोणाही एकाच्या सहीने पैसे काढता येतील असे होते आणि ओटीपी पतीच्या मोबाइलवर जात असे. नऊ दिवसांनी पासबुक भरून घेतले, तेव्हा शेवटच्या ओळीत 412 रुपये शिल्लक दिसली. त्या महिन्याचा माझा पगारही गेला होता.

खातेदारानेच पैसे काढल्यामुळे बँकेला काही करता येत नव्हते. एकट्याच्या सहीने होणारे व्यवहार थांबवावेत असा लेखी अर्ज कोणताही एक खातेदार देऊ शकतो, हे मला तेव्हा कळले. तो अर्ज मी त्याच दिवशी दिला आणि पगारासाठी नवे खाते उघडले. घर सोडल्याच्या दुसऱ्या दिवशीच हे करायला हवे होते, याची खंत अजून वाटते.

कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारींसाठी सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकारी बाई माझ्या तक्रारीचा कौटुंबिक घटना अहवाल भरून घेत होत्या. मारहाणीच्या तारखा लिहून झाल्यावर त्यांनी विचारले, “ताई, लॉकर आहे का? किल्ली कोणाकडे असते?” लॉकरमध्ये माझ्या आजीच्या पाटल्या होत्या आणि किल्ली सासरच्या कपाटात. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यात आर्थिक छळ हीसुद्धा हिंसाच मानली आहे आणि कलम 18 खालच्या संरक्षण आदेशाने खाती, लॉकर व स्त्रीधन यांचे व्यवहार न्यायालयाच्या परवानगीशिवाय करण्यास मनाई करता येते, हे त्यांनी समजावून सांगितले. तोवर संरक्षण म्हणजे पतीने माझ्या अंगाला हात लावू नये, एवढेच मला ठाऊक होते.

विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाल्या. स्त्रियांना ही मदत विनामूल्य असते, उत्पन्नाची अट नसते. ‘सर्व बँक खाती’ असे मोघम न लिहिता प्रत्येक खात्याचा क्रमांक, शाखा आणि ठेवपावती अर्जात नमूद करायचीच, असा त्यांचा आग्रह होता. एक मुदत ठेव मी विसरूनच गेले होते. तिच्यावर पहिले नाव माझे असल्याने व्याजातून कापलेला कर फॉर्म 26एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराच्या आयकर खात्याकडील विवरणात दिसला आणि ती सापडली.

पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत व्हावी असे कायदा सांगतो. मला अकरा दिवस थांबावे लागले. शपथपत्रावर कलम 23 खाली एकतर्फी अंतरिम आदेश, म्हणजे पतीचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच दिलेला तात्पुरता आदेश मिळाला. मात्र बँक प्रकरणात पक्षकार नसल्याने तिला तो आपोआप कळत नाही. आदेशाची प्रत आणि सोबतचे पत्र घेऊन मी स्वतः शाखेत गेले आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलले नाही. दोन दिवसांनी खाते गोठवले गेले.

त्याबरोबर गृहकर्जाचा हप्ताही थांबला! मी सहकर्जदार असल्याने थकबाकी माझ्याही नावावर लागणार होती, म्हणून फक्त हप्त्यापुरती परवानगी मागणारा दुसरा अर्ज द्यावा लागला आणि तो मंजूर झाला. ज्यांचे कर्ज सामाईक आहे, त्यांनी ही सवलत मूळ अर्जातच मागावी.

आदेशापूर्वी काढलेली रक्कम मात्र मनाईने परत येत नाही. तिच्यासाठी आर्थिक भरपाईच्या कलम 20 खाली वेगळी मागणी केली आहे आणि दोघांनाही मालमत्तेची व देण्यांची शपथपत्रे दाखल करण्यास सांगितले आहे. जूनमध्ये न्यायालयाच्या परवानगीने, संरक्षण अधिकाऱ्यांसमोर लॉकर उघडले. यादी झाली, सह्या झाल्या आणि पाटल्या माझ्या ताब्यात मिळाल्या. पतीचे शपथपत्र अजून आलेले नाही. त्यासाठी पुढची तारीख पडली आहे.