पावतीपुस्तक हाती घेतल्यावर

2025 च्या फेब्रुवारीत आमच्या शेतकरी संघटनेच्या तालुका बैठकीत गावोगाव शाखा उघडण्याचे ठरले आणि मोहोळ तालुक्यातील सीनाकाठच्या आमच्या गावाची सभासद नोंदणी माझ्याकडे आली. शाखेला किमान 50 सभासद हवेत, वर्गणी वर्षाला 100 रुपये राहील आणि कोणत्याही राजकीय पक्षाच्या पदाधिकाऱ्याला शाखेचे पद मिळणार नाही, एवढे सांगून पावतीपुस्तक माझ्या हाती देण्यात आले.

सुरुवात मी सभेने केली. मारुतीच्या देवळासमोर उत्पादन खर्च, हमीभाव आणि संघटनेची गरज यांवर तासभर बोललो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा झाला, आणि त्या रात्री तीन पावत्या फाटल्या. दुसऱ्या दिवशी गावातील एका आबांनी मला घरी बोलावले. कपाटातून त्यांनी लाल बिल्ला काढून माझ्या तळहातावर ठेवला. शरद जोशींनी 1979 मध्ये शेतकरी संघटना उभी केल्यानंतरच्या वर्षांत ते आंदोलनांत होते, पुढे संघटनेत पडलेल्या फुटीही त्यांनी पाहिल्या होत्या. ते म्हणाले, "भाषण आम्हाला पाठ आहे. माझा ऊस वेळेवर तुटेल का, तेवढं सांग."

खरी अडचण तेव्हा माझ्या लक्षात आली. लोक उदासीन नव्हते, त्यांना तोडीची भीती होती. तोड नोंदीच्या तारखेप्रमाणे व्हावी असा नियम आहे, पण ऊसतोड मजुरांची टोळी कोणाच्या फडात आधी उतरेल हे प्रत्यक्षात कारखान्याच्या शेती खात्यातील माणूस, तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय आणि टोळीचा मुकादम यांच्या हाती असते. तोडीला आलेला ऊस दोन महिने उभा राहिला की त्याला तुरे येतात, वजन घटते आणि त्याच बुडख्यांतून पुढे फुटणारे खोडव्याचे पीकही लांबते. संघटनेच्या यादीत नाव दिसले तर आपली तोड मागे पडेल, असे पाच-सहा घरांत मला दार लोटून घेऊन हळू आवाजात सांगितले गेले. ही भीती मला खोटी वाटली नाही आणि आजही वाटत नाही. ज्याचा दोन एकर ऊस अजून रानात उभा आहे, त्याला धीर धरा म्हणून सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता. म्हणून ज्यांचा ऊस तुटून गेला होता पण बिल आले नव्हते, त्यांच्याकडे आधी जायचे असे मी ठरवले.

गावातील बराचसा ऊस ज्या कारखान्याला गेला होता, त्याने डिसेंबरमध्ये तुटलेल्या उसाचे पैसे मार्च उजाडला तरी दिले नव्हते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि पुढच्या विलंबावर वार्षिक 15 टक्के व्याज लागते. राज्य सरकारने 2022 च्या फेब्रुवारीत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिल्याने 14 दिवसांत नेमके किती मिळायचे याविषयी गावात गोंधळ होता. तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केला, त्यामुळे आम्हाला बोलायला भक्कम आधार मिळाला. थकबाकीची तक्रार सोलापूरच्या प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे करता येते, आणि साखर आयुक्तांनी महसुली वसुलीचा आदेश काढला तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली होते, ही वाट तर बहुतेकांना ठाऊकच नव्हती.

मार्चच्या मध्यावर एका संध्याकाळी मी एका काकूंच्या ओसरीवर बसलो होतो. पती वारल्यापासून शेती त्याच पाहतात. कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या त्यांनी रेशनकार्डाच्या पाकिटात जपून ठेवल्या होत्या. एका पावतीवरची शाई उडाली होती, ती दिव्याखाली तिरकी धरली तेव्हा 11 टन 640 किलो हा आकडा कसाबसा वाचता आला. चारही खेपा मिळून 48 टन ऊस भरला, आणि तोडणी-वाहतूक वजा जाता 1,30,000 रुपये येणे निघाले. मुदत संपून 70 दिवस झाले होते. वहीच्या मागच्या पानावर व्याज काढले, तर ते 3,739 रुपये झाले. काकूंनी तो आकडा दोनदा वाचून घेतला आणि विचारले, "हे आमचंच ना? मग मागायला एकटी कशी जाऊ?"

त्या सभासद व्हायला तयार होत्या, पण अर्जात "सातबाऱ्यावरील नाव" असा रकाना होता आणि पतीच्या मृत्यूनंतर वारस नोंदच झालेली नव्हती. मी तो अर्ज तसाच तालुक्याला नेला आणि वाद घातला. जी बाई ऊस लावते, पाणी पाजते, सोसायटीचे कर्ज फेडते, तिला शेतकरी ठरवायला उतारा कशाला हवा? अखेर कारखान्याकडील ऊस नोंद किंवा शाखेच्या दोन सभासदांची शिफारस पुरेशी मानायचे ठरले. तो रकाना गेल्यावर आमच्या गावातून 11 महिला सभासद झाल्या, त्यांतील बहुतेकींना स्वतः काकूंनीच आणले.

तोडीच्या भीतीवर आम्ही एकच उपाय केला. अर्ज कोणा एकाच्या नावाने द्यायचा नाही, सर्वांच्या सह्या एकाच दिवशी घ्यायच्या आणि पहिले नाव कोणाचे हे दिसू नये म्हणून सह्या गोलाकार करायच्या, ही सूचना आबांची होती. मार्चअखेर गाळप संपले आणि कोणाचाही ऊस रानात राहिला नाही, याचीही मदत झाली. देवळात सतरंजी टाकून बसलो, प्रत्येकाचे वजन, येणे रक्कम आणि व्याज यांचा तक्ता केला, आणि 34 सह्यांचा अर्ज आम्ही सात जणांनी सोलापूरला जाऊन दिला. शिक्का मारलेल्या पोच प्रतीच्या झेरॉक्स काढून मी घरोघर वाटल्या. पुढच्या पंधरवड्यात माझ्या सभेला येऊन रिकाम्या हाताने परतलेली माणसे स्वतःहून पावती मागू लागली आणि एप्रिलअखेर सभासद 62 झाले.

मे महिन्यात उसाची मुद्दल बँकेत जमा झाली. व्याज मात्र कारखान्याने दिले नाही. काही जणांनी मुद्दल आली तेवढे पुरे म्हणून विषय सोडायला सांगितले, पण काकूंनी ते 3,739 रुपये खतासाठी आधीच धरून ठेवले होते, आणि विलंबाचे दिवस वाढल्यामुळे आता येणे त्याहून जास्त आहे. जूनमध्ये फक्त व्याजाच्या मागणीचा दुसरा अर्ज तयार झाला. त्यावर 58 सह्या आहेत. गोलातली पहिली सही काकूंनी केली, आणि पुढच्या हंगामासाठी नोंदवलेला त्यांचा ऊस सध्या रानात उभा आहे.