माल मुंबईला गेलाय, ताई

हे वाक्य मी दहा आठवड्यांत निदान नऊ वेळा ऐकलं. तीनदा घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून, बाकीचं फोनवर. मला आपलं वाटत होतं, एखादा पार्ट आणायला कोणी गेलं असेल.

आधी घड्याळाचं सांगते. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी रविवारवाली. जायचं तर सकाळी लवकर. दहानंतर जे उरतं ते व्यापाऱ्यांनी उलटसुलट करून सोडलेलं असतं. त्या रविवारी एका ताडपत्रीवर, नळाच्या तोट्या आणि गंजके पाने यांच्या मधोमध, श्रीखंडाच्या डब्यात चार घड्याळं होती. दोन एचएमटी, एक ओळखू न येणारं आणि एक काच पिवळी पडलेलं स्विस ओमेगा. ओमेगा एकटं उचललं असतं तर तो भाव वाढवून बसला असता, म्हणून डबाच मागितला. बाराशे म्हणाला, सातशेत दिला. रिकामा डबा मात्र त्याने ठेवून घेतला.

घरी येण्याआधीच सेल बदलणाऱ्या एका पोराकडून पन्नास रुपयांत मागचं झाकण उघडून घेतलं. आत तांब्याच्या रंगाचं चावीचं मशीन, चकचकीत, जवळजवळ अस्पर्श. ओमेगाच्या मशीनवरच्या नंबरावरून अंदाजे साल काढता येतं. माझा नंबर आठ आकडी, १४ ने सुरू होणारा, म्हणजे साधारण १९५४. डायल दुधावरच्या सायीच्या रंगाची झालेली, सहाच्या जागी सेकंदाची वेगळी छोटी तबकडी, आणि चारच्या शेजारी चहाचा थेंब उडाल्यासारखा एक तपकिरी डाग. सगळ्यात खाली, भिंग लावल्यावर दिसेल इतक्या बारीक अक्षरात ‘स्विस मेड’. त्या रात्री मी फोनवर डायलचे सहा फोटो काढले. ते पुढे उपयोगी पडले.

ठेवायचं की विकायचं, यावरून आमच्याकडे दर वेळी वाद होतो. नवऱ्याचा नियम सरळ आहे: एक वस्तू घरात आली की एक बाहेर गेली पाहिजे, कारण माळा भरलाय. माझा नियम असा की रोज वापरता येईल ते राहील, बाकीच्याने पुढच्या रविवारचा खर्च काढायचा. ‘दुर्मिळ आहे’ हे कारण मी आता मानत नाही. आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा मी असाच मोठ्या आनंदाने आणला होता. मग कळलं की एके काळी तो इतक्या घरांत होता की आज कोणी ढुंकून बघत नाही. आणि किंमत बघताना लोक काय मागतायत ते बघू नका. मागायला काय, लाखही मागतात. विकलं गेलेलं केवढ्याला गेलं, तेवढंच बघायचं.

या हिशेबाने ओमेगा विकायचंच ठरत होतं. नाशिकचे एक संग्राहक ओळखीतून मिळाले. फोटो बघून ते म्हणाले, “ताई, डायल ओरिजिनल आहे, डागासकट. मशीन चालू करून घ्या, ४५ हजारांपर्यंत विचार करू.” सातशेच्या डब्यातले ४५ हजार! मी त्या पैशांत नवं वॉशिंग मशीन मनातल्या मनात घेऊनही टाकलं.

आषाढाच्या शेवटी घड्याळ दुरुस्तीला दिलं. पेठेतलं जुनं दुकान, डोळ्याला भिंग लावलेले काका, समोर सुट्या भागांवर झाकलेले काचेचे छोटे छोटे टोप. बघूनच विश्वास बसावा असं. त्यांनी चिठ्ठी फाडली: ‘ओमेगा १, सर्व्हिस’. “पंधरा दिवस,” म्हणाले.

पंधरा दिवसांनी: “बॅलन्सचं चाक काढलंय, ताई. बघतो.” तीन आठवड्यांनी: “माल मुंबईला गेलाय.” मग श्रावणातले सण. मग गणपती, तेव्हा तर पेठेत पाऊल टाकायची सोय नाही. गणपतीनंतर पितृपक्ष. “नवीन काही देत नाही या दिवसांत.” मी म्हटलं, काका, नवीन कुठे, माझंच जुनं द्या! ते हसले. माझा आवाज चढला तेव्हा दुकानातल्या पोराने मला स्टूल दिलं, जसं काही मला चक्कर येणार होती. इकडे नाशिकचे आठवड्याला एक मेसेज करायचे, तो पंधरा दिवसांना एक झाला. आपल्या हातात नसलेली वस्तू विकायला काढू नये, हे मला तेव्हा कळलं. रोज उठून आपणच खोटं बोलतोय असं वाटायला लागतं.

नवरात्रात, तिसऱ्या माळेला, फोन आला. गेले. काकांनी गल्ल्यातून लाल मखमलीचा तुकडा काढला, घडी उलगडली, घड्याळ माझ्यासमोर ठेवलं आणि हात मागे घेतला. इतका अभिमान त्या चेहऱ्यावर!

डायल पांढरीशुभ्र होती.

“बघा, शोरूममधून आणल्यासारखं. मुंबईला आमचा डायलवाला आहे, एक नंबर माणूस.” डाग गेला होता. साय गेली होती. पट्टा जिथे अडकतो ते चार कान बफिंग मारून मारून साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले होते. मी भिंग मागून घेतलं. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांना जुळत नव्हत्या, सातच्या पुढे तर चक्क केसभर सरकलेल्या. ‘स्विस मेड’ गायब.

आता यातली थट्टा बघा. जुन्या बाजारात भगव्या, पोपटी डायलची एचएमटीची ‘पायलट’ मॉडेलं ढिगाने दिसतात. जुनं मशीन, नवी रंगवलेली डायल, कुठले तरी काटे. परदेशातली गिऱ्हाइकं ती ऑनलाइन हौसेने घेतात. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं करायला घेतली, त्यातलं ‘जनता’ माझ्या वडिलांच्या हातावर होतं. त्यामुळे खऱ्या डायलवरची अक्षरं कशी असतात ते मला ठाऊक आहे आणि त्या पोपटी पायलटांना मी वर्षानुवर्षं हसत आले. आता माझ्याच ओमेगाचं तेच झालं. जुना रंग आणि छपाई खरवडून त्याच पत्र्यावर नवं छापतात, त्यामुळे परत फिरायची वाटच नसते.

भांडायचं होतं. पण काका चाळीस वर्षं लोकांना घड्याळं नवी करून देतायत, आणि त्यांच्या गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. मशीनचं काम त्यांनी उत्तम केलं होतं, हे मलाही मान्य. चोवीसशे झाले, मी दिले. तरी अजून मनात येतं: एक फोन करायचा, विचारायचं तरी! नऊ वेळा मी बोलले त्या माणसाशी.

तर दुरुस्तीला देताना चिठ्ठीवर आपण स्वतः लिहा: ‘फक्त मशीन. डायल, काटे, केस (बाहेरचं कवच) यांना हात लावू नये.’ खाली त्यांची सही घ्या. दुकानातून काही बाहेरगावी जाणार असेल तर काय जाणार ते नावानिशी विचारा. ‘माल’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

आणखी एक आठवलं. अमेरिकेतल्या एडिसनहून आलेल्या माझ्या भाच्याला मी मागे बाजारातून घेतलेली हस्तलिखित पोथी द्यायला निघाले होते. बरं झालं कोणीतरी अडवलं. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुन्या पुरावस्तू, आणि महत्त्वाची हस्तलिखितं असतील तर ७५ वर्षांच्या पुढची, खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. माझं घड्याळ त्यात बसत नव्हतं, पण विकायला काढण्याआधी वय बघून ठेवावं.

नाशिकला नवे फोटो पाठवले. दोन दिवस उत्तर नाही. मग: “१२ हजार. आणि तेही मशीनसाठी.” पाठोपाठ दुसरा मेसेज: “ताई, आता ते वापराच.” दोन्ही एचएमटी ऑफिसातल्या दोघींनी मिळून अठराशेला घेतली, म्हणजे डब्याचे पैसे निघाले. ओमेगा माझ्या हातावर आहे. दिवसाला मिनिटभर पुढे जातं. आमचं वॉशिंग मशीन अजून जुनंच.

गेल्या रविवारी त्याच ताडपत्रीपाशी वाकले तर श्रीखंडाच्या डब्यावाल्याने माझ्या मनगटाकडे बघितलं.

“डायल नवी टाकलीये ना, ताई? पाचशे देतो.”