लिस्टर टाईप इंजिन अपडेट: बिग एंड उघडलं, तेल बदललं, आणि थोडं वंगणपुराण

मंडळी, जुनं बंद इंजिन खोलून परत चालू करतोय, मागच्या वेळी हेड आणि लायनरपर्यंत (सिलिंडरची आतली नळी) आलो होतो, आता खालचा भाग. नवीन कोण असेल त्यांच्यासाठी सांगतो, हे राजकोट बनावटीचं लिस्टर टाईप, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या लिस्टर डिझेल इंजिनाची नक्कल असलेलं इंजिन, ६ एचपी, ६५० आरपीएम, एक सिलिंडर आणि दोन भलीमोठी फ्लायव्हील. देवगडजवळच्या आमच्या वाडीत विहिरीवर माडा-पोफळीला पाणी काढायला होतं, लाईट आली, मोटर बसली आणि हे खोपीत गेलं ते गेलंच.

क्रँककेसचं (खालची पेटी, जिच्यात क्रँक फिरतो आणि तेल असतं) झाकण काढलं तर तळाला काळा घट्ट गाळ, तो खरवडून डिझेलने धुतला तर खालून वाळू निघाली. समुद्राची नव्हे हो, ओतकामाची! या कॉपी इंजिनांची ही जुनी ख्याती, साच्यातली वाळू कास्टिंगला आतून चिकटून राहते आणि मग वर्षानुवर्षं तेलात थोडी थोडी सुटत राहते. वायर ब्रश, डिझेल, परत ब्रश, असं कंटाळा येईपर्यंत केलं आणि शेवटी आतून तेलाला टिकणारा रंग मारून टाकला.

मग बिग एंड, म्हणजे पिस्टनच्या रॉडचं क्रँकला धरणारं खालचं टोक, खोललं. जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) नख फिरवलं, कुठे अडकत नाही, जीव भांड्यात पडला. बेअरिंगच्या रॉडकडच्या अर्ध्या भागात मात्र बारीक रेघा होत्या (फायरिंगचा दणका तिथेच बसतो ना), आणि एका रेघेच्या टोकाला वाळूचा कण व्हाईट मेटलमध्ये (बेअरिंगच्या आतला मऊ मिश्रधातूचा थर) चक्क रुतून बसलेला, भिंगातून स्पष्ट दिसला. व्हाईट मेटल मुद्दाम मऊ ठेवतात ते यासाठीच, कचरा ते पोटात घेतं आणि महागडा क्रँक वाचतो. क्लिअरन्ससाठी (बेअरिंगमधली फट) जर्नलच्या व्यासाच्या इंचाला एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हा जुना हिशोब धरून शिमा (पातळ पत्र्या) लावल्या, प्लास्टिगेजने (दाबून फट मोजायची मऊ तार) तपासलं, ठीक आलं.

आता खरी गंमत. बऱ्याच जणांना वाटतं की तेल बुळबुळीत असतं म्हणून झीज होत नाही. पण चालत्या बेअरिंगमध्ये शाफ्ट धातूला टेकतच नाही, तो फिरता फिरता स्वतःच तेल पाचरीसारख्या फटीत ओढून घेतो आणि तिथल्या दाबावर उचलला जातो, पावसात हायवेवर जोरात गेलं की टायर पाण्यावर तरंगतो ना, अगदी तसं. १८८३ साली इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता, वरून तेल सोडायला भोक पाडलं तर तेल खाली जायच्या ऐवजी उसळून वरच यायला लागलं, भोकाला बूच मारलं तर तेही बाहेर ढकललं गेलं! तेव्हा कळलं की आत केवढा दाब तयार होतो. त्याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये मांडलं. लोखंडावर लोखंड कोरडं घासलं तर घर्षणाचा गुणांक ०.५ च्या पुढे जातो, नुसता तेलाचा हात असेल तर ०.१ च्या आसपास, आणि पूर्ण थर तयार झाला की ०.००५ च्याही खाली. फरक बघा.

पण हा थर काही मायक्रॉनचाच, आणि शाफ्ट थांबला की तो गेला. म्हणजे सगळ्यात वाईट वेळ चालू करतानाची, त्यात आपलं इंजिन महिनोन्महिने बंद असलेलं. इथे पंप नाही की फिल्टर नाही, बिग एंडच्या कॅपला खाली एक डिपर आहे, तो तेलात बुडतो आणि चहूकडे उडवतो, तेवढीच काय ती व्यवस्था. लेव्हल जरा खाली गेली की डिपर हवेतच फिरणार. रॉकरला (हेडवरचे व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) तर तेही नाही, तिथे हाताने तेलाची कुपी मारावी लागते. बंदरावर ट्रॉलरची इंजिनं करणारा एक म्हातारा मिस्त्री आहे, त्याचं एकच म्हणणं, "आदी हातान फिरय, तेल वर येवंदे, मगे चालू कर." तेच करतो, डिझेल बंद, डीकॉम्प्रेशन लिव्हर वर (म्हणजे सिलिंडरमधला दाब सुटतो आणि इंजिन हाताने फिरतं), आणि हँडलने निवांत भरपूर फेरे.

तेल कुठलं यावर इथे भांडणं होणार माहीत आहे. मी साधं सिंगल ग्रेड ४० घातलं. २०डब्ल्यू-४० मधला तो डब्ल्यू हिवाळ्याचा, आपल्याकडे थंडी म्हणजे बाटलीतलं खोबरेल गोठतं एवढीच, त्यासाठी मल्टीग्रेड कशाला. डिटर्जंटवालं घेतलं कारण आतून आता स्वच्छ आहे, काजळी तेलातच तरंगत राहील आणि ड्रेनबरोबर निघून जाईल. गाळ न काढता जुन्या इंजिनात हे तेल घालू नका, सगळा गाळ सुटून बेअरिंगकडे येतो.

आपला खरा शत्रू मात्र दमट खारी हवा. इंजिन गार झालं की आत हवा ओढतं, तिच्यातलं पाणी भिंतींवर धरतं, तेलात मिसळतं आणि तेल दुधाळ होतं. म्हणून पावसाळ्यात "जरा चालवून बघू" म्हणून पाच मिनिटं धडधडवू नका, त्याने आत पाणीच साठतं. चालवायचं तर लोड देऊन, नीट गरम होईपर्यंत.

पहिलं तेल गरम असतानाच लवकर काढलं. चुंबकावर थोडी काळी पूड आली, तेलात चकचकीत कण नाहीत, वाळूही नाही. जळकं ऑईल शेजारच्या काकांनी वाश्यांना वाळवीसाठी मागून नेलं, विहिरीच्या जवळपास ओतू नका म्हणून बजावलंय.

पुढे गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) कड्या, सगळ्या ढिल्या झाल्यात. कोणाकडे जुन्या पडलेल्या इंजिनाच्या पिना-बुश असतील तर सांगा, नाहीतर लेथवाल्याकडे करून घेतो.