अवधाण

लिंबाच्या झाडाला काटे असतात हे लिंबं तोडताना आठवतं, झाडाखालून अनवाणी जाताना आठवत नाही. मागच्या आठवड्यात असाच टाचेत काटा घुसला. सुईने उकरून काढला, पण टोक आतच राहिलं असणार. दुसऱ्या दिवशी टाच लाल आणि गरम. तिसऱ्या दिवशी चपला शोधायला वाकलो तर जांघेत सणकच आली. चाचपून पाहिलं तर सुपारीएवढी दुखरी गाठ.

रात्री अकराला मोबाइलवर ‘जांघेत गाठ’ शोधू नये. मी शोधलं. सकाळी आईला सांगितलं, तर तिने गाठीची चौकशीसुद्धा केली नाही. म्हणाली, "अवधाण आलंय. पाय दाखव."

अवधाण म्हणजे जखमेमुळे जांघेत सुजलेली गाठ. पण दुखणं टाचेचं, मग जांघेने का बोंबलावं? टाचेत खरं तर लगेच मारामारी सुरू झालेली असते. रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून ती लाली आणि ऊब. त्यांतून पांढऱ्या पेशी काही तासांत येऊन पोचतात, दिसेल तो जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. पू म्हणजे बव्हंशी त्यांचीच प्रेतं. पण त्याच गर्दीत एक वेगळी पेशी असते, फांद्याफांद्यांची, डेंड्रिटिक नावाची. ती जंतूचा तुकडा घेऊन लसिकावाहिनीतून, म्हणजे पेशींमधलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळीतून, वर निघते, ती थेट जांघेतल्या गाठीत.

ही गाठ म्हणजे वधूवर मेळावाच. लाखो टी-पेशी, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि प्रत्येकीची अपेक्षा वेगळी, एकाच ठरलेल्या तुकड्याची, तडजोड नाही. बहुतेकींना जन्मभर स्थळ मिळत नाही. डेंड्रिटिक काकू तुकडा दाखवत फिरतात. एखादीशी जुळलं की ती दुभंगत जाते, काही दिवसांत एकीच्या हजारो होतात. शिवाय बाहेर पडणाऱ्यांना काही काळ दारं बंद. मग गाठ सुजेल नाही तर काय! या काकूंना ओळख मिळवून देणारे राल्फ स्टाइनमन 2011 च्या नोबेलची बातमी यायच्या तीनच दिवस आधी वारले. समितीला त्याचा पत्ताच नव्हता.

जांघेतल्या गाठीला आपली माणसं घाबरायची ती उगाच नव्हे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, त्याला लोक ‘गाठीचा ताप’च म्हणत. पिसू बरेचदा पायाला चावे, म्हणून गाठ जांघेत. फरक एवढाच, की तिथे जंतू मेळाव्यातच घुसून मंडप बळकावत.

अवधान आणि अवधाण, एका ‘ण’चा फरक. आईचं अवधान मात्र टाचेवरच होतं. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवायला लावला, चष्मा लावला आणि तिळाएवढं काळं टोक चिमट्यात धरून मला दाखवलं.

काल तिने विचारलं, "गेली का गाठ?"

"हरभऱ्याएवढी उरलीय."

"मग चोळत बसू नकोस सारखी."