दुखत होता कान, सुजला होता थायरॉइड

फेब्रुवारीत घरात सगळ्यांनाच सर्दी-ताप येऊन गेला. चार दिवसांत सगळे उठले, मीही उठले. तीन आठवड्यांनी माझा उजवा कान ठणकायला लागला. कानाचे डॉक्टर म्हणाले, कान स्वच्छ आहे. दातांच्या डॉक्टरांनी अक्कलदाढेवर संशय घेऊन एक्स-रे काढला, त्यातही काही नाही. तोवर दुखणं उजवीकडून डावीकडे सरकलं. आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी यायचं आणि गळ्यावर ओढणीसुद्धा सहन होईना. संध्याकाळी बारीक ताप, छातीत धडधड, पंख्याखाली बसूनही घाम. वजन चार किलो उतरलं, तर शेजारीण विचारते, "डाएट कुठलं गं?"

रक्त तपासलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन, ०.०१, जवळपास शून्य; थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन टी-फोर वाढलेलं. एका डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकून कार्बिमॅझोल हे थायरॉइडचं हॉर्मोन कमी करणारं औषध लिहून दिलं. गळ्याला हात लावला नाही, हे मला अजून खटकतं. दहा दिवस गोळ्या घेतल्या, दुखणं तसूभरही हललं नाही.

मग हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे गेले. बाईंनी पाठीमागे उभं राहून गळा चाचपला, पाण्याचा घोट गिळायला लावला. मी कळवळले. पहिला प्रश्न, "दीडेक महिन्यात सर्दी-खोकला झाला होता का?" ईएसआर ही शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी ८६ आली, म्हणजे बरीच जास्त, आणि थायरॉइडच्या स्कॅनमध्ये ग्रंथी जेमतेम दिसली, म्हणजे ती नवं हॉर्मोन फारसं बनवतच नव्हती. सबअक्यूट थायरॉइडायटिस. बहुतेक वेळा विषाणूच्या आजारापाठोपाठ ग्रंथी सुजते आणि आत साठलेलं हॉर्मोन रक्तात सांडतं. "टाकीला भोक पडलंय, मोटर बंद करून काय होणार?" त्या म्हणाल्या. कार्बिमॅझोल हॉर्मोन बनणं थांबवतं, गळणं नाही. विषाणू कोणता, हे बहुधा शोधत बसत नाहीत, कारण उपचार बदलत नाहीत. घरी येऊन वाचलं तर गालगुंडांच्या विषाणूपासून कॉक्सॅकी विषाणूपर्यंत बरीच नावं निघाली. २०२० मध्ये इटलीतल्या पिसाच्या डॉक्टरांनी कोविडनंतर हेच झालेल्या १८ वर्षांच्या मुलीची नोंद केली होती.

साध्या वेदनाशामकांनी आधी भागलं नव्हतं, म्हणून सूज उतरवणारं स्टिरॉइड, प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, सकाळी खाऊन झाल्यावर. धडधडीला प्रोप्रॅनोलॉल. पहिल्याच रात्री भाकरी न रडता गिळली! पण पंधरा दिवसांत चेहरा टम्म फुगला, म्हणून मी स्वतःच्या अकलेने गोळी पटकन कमी केली. चौथ्या दिवशी दुखणं परत हजर. बाईंनी चांगलंच झापलं. मग हळूहळू उतरवत जूनमध्ये गोळी सुटली.

जुलैत उलटंच झालं. टीएसएच १४, म्हणजे आता थायरॉइडचं हॉर्मोन कमी पडत होतं; अंगात त्राण नाही, भर दुपारी झोप. साठा सांडून रिकामी झालेली ग्रंथी अजून सावरत होती. काहींना इथून पुढे थायरॉइडच्या हॉर्मोनची कायमची गोळी लागते, तेव्हा मी घाबरलेच. "सहा आठवडे बघू," बाई म्हणाल्या. ऑगस्टअखेर टीएसएच ३.८, म्हणजे नॉर्मल. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.