डब्याचं दूध: कोणत्या ब्रँडचं घ्यावं?

मेडिकलमध्ये लॅक्टोजेन, नॅन प्रो, डेक्सोलॅक, सिमिलॅक असे डबे शेजारीशेजारी असतात. किमतीत बराच फरक, त्यामुळे महागडं तेच बाळाला मानवेल असं वाटणं साहजिक आहे. पण दिवस भरून जन्मलेल्या निरोगी बाळाच्या बाबतीत तसं नाही. प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं किती असावीत हे एफएसएसएआयनं, म्हणजे खाण्याच्या पदार्थांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सगळ्यांनाच बांधून दिलंय. वरचे पैसे बहुधा डीएचए (एक प्रकारचं स्निग्धाम्ल), प्रोबायोटिक (पोटाला चांगले म्हणून घातलेले जिवंत जंतू) अशा भरीचे असतात.

आईचं दूध पुरत नसेल आणि डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं असेल, तर नावाआधी डब्यावरचा आकडा बघा. १ म्हणजे जन्मापासून सहा महिने, २ त्यानंतर. अमूलस्प्रे बाळाचं, अमूल्या मात्र चहाची पावडर; घाईत गल्लत होते. बाळाच्या शीमध्ये रक्त दिसलं किंवा उलट्या थांबेनात, तर ब्रँड बदलत बसू नका. साध्या डब्यांत प्रथिन गाई-म्हशीच्या दुधाचंच असतं, ते मानवत नसेल तर नुसता ब्रँड बदलून फरक पडत नाही. थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा.

खरी काळजी घ्यायची ती दूध कालवताना. पावडर निर्जंतुक नसते. सोलापुरात बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही, पिंपात साठवलेलं वापरावं लागतं. म्हणून आरओचं असलं तरी पाणी खळखळून उकळा, अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांखाली जाण्याआधी त्यात पावडर घाला. पावडरीतले जंतू त्या उष्णतेनं मरतात. (प्रोबायोटिकही मरतात, मग त्यासाठी जास्त पैसे कशाला?) मग बाटली गार पाण्यात धरून दूध निववा, मनगटावर थेंब टाकून बघा.

आधी पाणी, मग पावडर. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांना ३० मिली पाण्याला डब्यातला एक चमचा. अमेरिकेहून आलेल्या डब्याला बऱ्याचदा ६० मिलीला एक. त्यामुळे एका डब्याचा चमचा दुसऱ्यात वापरू नका. चमचा दाबून भरू नका, स्वच्छ सुरीच्या पाठीनं सपाट करा. शीग लावली तर दूध घट्ट होऊन बाळाला खडा होतो, अंगातलं पाणी कमी पडतं. डबा पुरवायला पातळ केलं तर वजन वाढत नाही.

पाच किलोच्या, फक्त वरच्या दुधावरच्या बाळाला दिवसाला साधारण ७५० मिली लागतं, म्हणजे २५ चमचे. ४०० ग्रॅमचा डबा साडेतीन दिवसांत संपतो. परवडेल आणि आपल्या पेठेत कायम मिळेल असाच घ्या. बाटलीत उरलेलं तासाभरानं ओतून द्या. उघडलेला डबा पत्र्याखालच्या फडताळात नको, एप्रिल-मेमध्ये तर नकोच. फ्रिजमध्येही नको, ओल धरून गुठळ्या होतात. झाकणावर उघडल्याची तारीख पेनानं लिहून ठेवा, तीन आठवड्यांनंतर वापरू नका.