हुर्वाच्या भिंतीतले जुने दगड

आज जेरुसलेमच्या जुन्या शहरातल्या ज्यू वस्तीत फिरताना बराचसा वेळ हुर्वा सिनेगॉगमध्येच, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गेला. बाहेरून सगळं कोरं करकरीत, वर पांढरा घुमट. आत मात्र भिंतीत मध्येच काळपट, कडा झिजलेले दगड दिसतात. ते मूळ इमारतीचे, मुद्दाम तसेच ठेवलेले. माझे पाय तिथेच खिळले.

१७०० साली रब्बी (ज्यू धर्मगुरू) येहुदा हहासिद पोलंडकडून शेकडो अनुयायांना घेऊन इथे आले आणि काही दिवसांतच वारले. मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर. १७२१ मध्ये सावकारांनी त्यांचं इथलं सिनेगॉग जाळलं. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं नुसते अवशेष! १८६४ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं, तेही ऑटोमन सुलतानाच्या वास्तुविशारदाच्या आराखड्यावर. मे १९४८ च्या लढाईत अरब लीजनने, म्हणजे जॉर्डनच्या सैन्याने, ते स्फोटकांनी उडवलं.

१९६७ मध्ये जुनं शहर इस्रायलच्या ताब्यात आल्यानंतर वास्तुविशारद लुई कान यांनी नवा आराखडा केला. हो, आपल्या अहमदाबादच्या आयआयएमवाले कान. अवशेष तसेच राखायचे आणि शेजारी नवी वास्तू बांधायची, ही त्यांची कल्पना. ती कागदावरच राहिली. १९७७ मध्ये फक्त एक दगडी कमान उभारली गेली, आणि २०१० मध्ये जुन्या रूपातलं हे सिनेगॉग उघडलं.

मला विचाराल तर कान यांचंच बरोबर होतं. मोडलेलं मोडलेलं दिसायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पण ज्यांना रोज प्रार्थनेला जागा हवी, त्यांनी एका कमानीवर किती वर्षं समाधान मानायचं, हेही पटतं.